या नावाचं इथं कोणी राहत नाही

तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही मला ओळखत नाही. पेणमध्ये मला ओळखणाऱ्या एकाही माणसाला हे ठाऊक नाही. मुलाला नाही, भावाला नाही, आणि जिला ठाऊक असायला हवं होतं तिला तर मी सांगितलंच नाही. चाळीस वर्षं झाली. एवढी वर्षं पोटात ठेवलं म्हणजे फार सोसलं असं तुम्हाला वाटेल — तसं काही नाही. रोज जेवलो, रोज झोपलो, काही अडलं नाही. लाज वाटते ती त्याचीच.

मी गणपती करतो. करायचो, म्हणायला हवं. आता मुलगा करतो. घराला लागून कौलारू पडवी, तिलाच आम्ही कारखाना म्हणतो. साच्यातून मूर्ती काढणं, घासणं, रंग लावणं ही कामं गडीमाणसं करायची, पण डोळ्यांची आखणी माझी. पेणमध्ये कोणालाही विचारा, आमच्या कारखान्याचा गणपती डोळ्यांवरून ओळखायचे. लोक म्हणायचे, याला आखणी करताना बघावं, श्वाससुद्धा घेत नाही. मला ते ऐकायला आवडायचं. का आवडू नये?

आणि मी संशयी माणूस. हेही आधीच सांगून टाकतो. भाजीवाल्या बाईने कोथिंबिरीची पेंढी जरा मोठी दिली, तरी मी ती उलगडून बघायचो — आत कुजकं काय दडवलंय? फुकट कोणी काही देत असेल तर कुठंतरी पाणी मुरतंय, हे माझं पक्कं मत. आता अशा माणसाच्या दारात न मागता, न पैसे भरता, एक मासिक येऊन पडलं तर तो काय करील?

पौष महिना होता. आमच्या आळीतल्या घरांच्या नंबरांचा कशाला कशाचा पत्ता नव्हता, म्हणून घरचं सगळं टपाल कारखान्यात यायचं, माझ्या हाती. पोस्टमन घरतभाऊंनी सायकलवरूनच एक गुंडाळी पुढे केली. तपकिरी कागदाचं वेष्टन, त्यावर नाव — कुसुम सावंत. खाली आमच्या कारखान्याचा पत्ता.

"ह्या नावाचं कोन हाय का तुमच्याकडं?" घरतभाऊंनी विचारलं. "पत्ता तर तुमचाच हाय."

नाय बा, असं म्हणायला मी तोंड उघडलं — आणि अडकलो.

आमच्या लग्नात ताटात तांदूळ पसरून माझ्या हातात अंगठी दिली होती. आत्याने नाव आधीच ठरवलेलं, सुनंदा. मी ते तांदळात गिरवलं, लोकांना पेढे वाटले, संपलं. त्याच्या आधी ती एकोणीस वर्षं रोह्याची कुसुम सावंत होती. हे मी विसरलो होतो. विसरलो होतो म्हणजे खरंच — आठवायला मला इतका वेळ लागला की घरतभाऊंनी सायकल भिंतीला टेकवली. मग मी म्हणालो, "आमच्या रोह्याच्या पाहुण्यांचं हाय. द्या, मी पोचवतो."

ही पहिली थाप. गरज काय होती? आत जाऊन, तुझं काहीतरी आलंय गं, एवढं म्हटलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण माझं डोकं तोवर चालू झालेलं. पेणमध्ये हे नाव कोणाला माहीत? कोणालाच नाही. म्हणजे पाठवणारा रोह्याचा. आणि रोह्याच्या माणसाने तिच्या सासरच्या नावाने का पाठवू नये? हळूच जुन्या नावाने का?

माझा चुलतभाऊ बाळाराम, गडबला हायवेवर त्याचं दुकान. त्याला नाव न सांगता विचारलं, न मागता मासिक येतंय, काय करू? आयुष्यात त्याने कॅलेंडर सोडून काही वाचलं नसेल, पण अशा थाटात बोलला की जणू दहा खटले लढून आलाय. "उघडू नको. वेष्टन फाडलंस का माल तुझा झाला. मागनं बिल येतंय, मग नोटीस. ती लोकं तशीच हायत." मला ते पटलं, कारण मला तेच ऐकायचं होतं. मी गुंडाळी तशीच माळ्यावर जुन्या साच्यांच्या मागे टाकली. माघात दुसरी आली. घरतभाऊंना विचारलं, परत पाठवता येईल का? ते म्हणाले, "ज्येच्या नावाचा हाय तेनंच नकार लिहून द्यायला लागल." म्हणजे तिच्या हातात द्यायला लागणार. तीही गेली माळ्यावर.

बिल काही येईना. तुम्हाला वाटेल मी निश्चिंत झालो असेन. उलट! बिल आलं असतं तर मी कितीतरी हलका झालो असतो. चोर सापडला असता. पण दर महिन्याला न चुकता पाठवायचं आणि बदल्यात काहीच मागायचं नाही — असं कोण करतं? मला एकाच तऱ्हेचा माणूस सुचत होता. मी तिच्यावर नजर ठेवू लागलो. तिच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला शाई दिसली. तिला शाई कशाला लागते? रोह्याला भावाला पत्र लिहिते म्हणावं, तर वर्षात दोन पत्रं. आणि दर महिन्याला ठरावीक सुमाराला, पदराला हात पुसत ती पडवीच्या दाराशी यायची.

"टपाल काय आलं का?"

"नाय. कोणाची वाट बघतेस?"

"कोणाची नाय. दादाचं पत्र येईल म्हणून." हे बोलताना ती माझ्याकडे बघायची नाही, रंगाच्या वाट्यांकडे बघायची. मी मनात म्हणायचो, पकडली! खोटं बोलली! माझ्या डोक्यावर माळा, माळ्यावर तिचं टपाल, आणि खोटं बोलताना मी तिला पकडत होतो.

त्या वर्षी मी तिला शिमग्याला माहेरी पाठवलं नाही. कारखान्यात काम आहे म्हणालो. काम दर वर्षीच असायचं. पालखी दारात येते तेव्हा लेक घरी हवी, असा तिच्या आईचा हट्ट. तेव्हा म्हातारी जिवंत होती. सुनंदाने एकदा फक्त विचारलं, "दोन दिवस सुद्धा नाय?" मी मान हलवली. ती आत गेली, आणि तिने आणलेली नवी चोळी ट्रंकेत परत ठेवल्याचा आवाज मी ऐकला. मला बरं वाटलं, हेही लिहून ठेवतो.

वैशाखात पाचवी गुंडाळी आली आणि माझा धीर सुटला. ती काखेत मारून मी एसटीने रोह्याला गेलो. माझा संशय एकावर होता — सदाशिव. हिच्या भावाचा वर्गमित्र, रोह्याच्या एसटी स्टँडवर पेपर-मासिकांचा स्टॉल चालवायचा. आमच्या लग्नात सगळे भांडीकुंडी देत असताना याने दोरीने बांधलेला मासिकांचा गठ्ठा आहेर म्हणून दिला होता. तेव्हा आम्ही हसलो होतो. आता मला त्यात सगळा डाव दिसत होता.

मी गुंडाळी त्याच्या पुढ्यात आपटली. हे तुझं काम का, म्हणून विचारलं. त्याने चष्मा सदऱ्याला पुसला, नाव वाचलं आणि माझ्याकडे बघून हसला. घाबरून नव्हे, त्याला आनंद झाला होता.

"मी कशाला पाठवीन? माझ्याकडं ते विकायलाच असतात," तो म्हणाला. मग एकदम, "कुसुमचं छापून आलं काय?"

मला काही समजेना. मग त्यानेच सांगितलं. शाळेत असताना ती स्टॉलच्या मागे गठ्ठ्यावर बसून परत पाठवायचे अंक वाचायची, आणि वहीत लिहायची. "सोडलंन नाय म्हणायचं लिहायचं! बरं झालं. च्या घेणार?"

मी चहा घेतला नाही. परतीच्या गाडीत गुंडाळी मांडीवर घेऊन बसलो. नागोठणं गेलं, गडब गेलं, बाळारामचं दुकान मागे पडलं, तेव्हा मी वेष्टन फाडलं.

मधल्या पानावर लेख होता. दोन पानं. 'आखणी', आणि खाली कुसुम सावंत.

वाचायच्या आधी मला वाटलं होतं की नवऱ्याचं गाऱ्हाणं असणार. तसं असतं तर फार सोपं झालं असतं. तिने लिहिलं होतं की डोळ्यांचं काम सुरू झालं की तिला स्वयंपाकघरात कळतं, कारण पडवीतलं माझं खोकणं थांबतं. मग ती वरवंट्यावरचा हात काढून घेते. भांडी पालथी घालायची ती हातातच धरून उभी राहते. विहिरीवर शेजारीण रहाट ओढत असेल तर तिला खूण करते. पोर रडेलसं वाटलं तर ते कडेवर घेऊन आळीच्या टोकाला जाते, उन्हात. माझं पुन्हा खोकणं ऐकू आलं की परत येते आणि उरलेलं वाटण वाटते. शेवटी एक वाक्य होतं, ते मला पाठ आहे — "त्यांना वाटतं, आमचं घर मुळातच शांत आहे."

मला तसंच वाटत होतं. गिऱ्हाइकांना मी सांगायचो, आमचं घर रस्त्यापासून आत आहे ना, म्हणून शांत.

घरी आल्यावर माळ्यावरच्या चारही गुंडाळ्या काढून फाडल्या. अगदी पहिलीत, पौषातल्या, संपादकांची चिठ्ठी होती. लेख आवडला, छापतो आहोत, यापुढे दर महिन्याचा अंक सप्रेम पाठवत राहू. ज्या माणसाला शोधायला मी रोह्यापर्यंत गेलो तो पौषापासून माझ्याच माळ्यावर बसला होता. फक्त एक कागद फाडायचा होता.

इथपर्यंत वाचून तुम्ही हसाल, आणि कदाचित सोडूनही द्याल. संशयी नवरे काय कमी असतात? पण माझी चूक ही नव्हे. चूक अजून पुढे आहे. तिच्याकडे यायला मी मुद्दाम एवढा वळसा घेतला.

ती अंगणात पापड वाळत घालत होती. पडवीच्या दारात मी तो अंक हातात घेऊन उभा होतो. दहा पावलांचं अंतर. हाक मारायची आणि द्यायचा, बस. पण हा एक द्यायचा म्हणजे बाकीचे चारही काढावे लागणार. ती चिठ्ठी वाचणार. बोटांवर मोजणार, पौष, माघ, फाल्गुन — आणि शिमग्यावर तिचं बोट थांबणार. मला त्या बोटाची भीती वाटली. आणि आणखी एक, तेही झाकत नाही. मला हेवा वाटला. माझे डोळे म्हणून अख्खं पेण ज्यांना नावाजत होतं त्यांत अर्धी मेहनत तिच्या न वाजलेल्या वरवंट्याची होती, हे आता छापून आलं होतं. आणि ते लिहिणारीच्या नावात माझं काहीच नव्हतं. मी दिलेलं नावसुद्धा नाही.

कागदाच्या लगद्याच्या मूर्ती आम्ही थोड्या करायचो, लांब गाडीने न्यायच्या गिऱ्हाइकांसाठी, हलक्या असतात. त्यासाठी पिंपात रद्दी भिजत घातलेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाचही अंक त्यात फाडून टाकले. मुखपृष्ठं गुळगुळीत, त्यांचा लगदा होत नाही. ती बंबात घातली. चिठ्ठीही घातली. त्या पाण्याने घरातली सगळी आंघोळीला गेली, तीही. तिसऱ्या दिवशी लगदा कुटायलाही मीच बसलो. ती चहा घेऊन आली.

"आज तुम्ही कुटताय?"

"हात मोकळा होता."

तिने सवयीने पिंपात हात घातला, मूठभर लगदा बोटांत चोळून गुठळ्या आहेत का बघितलं. "बारीक झालाय," म्हणाली, आणि हात धुवायला गेली.

त्याच दुपारी मी मासिकाला कार्ड लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे. महाशय, या नावाची कोणीही व्यक्ती या पत्त्यावर राहत नाही. तरी कृपया अंक पाठवू नये. खाली कारखान्याचा शिक्का मारला. ज्येष्ठात एक अंक आला, आधीच निघालेला असावा. तोही पिंपात गेला. मग बंद झालं.

ती ज्येष्ठात विचारायला आली. आषाढात आली. एकदा मी दुकानात गेलेलो असताना तिने घरतभाऊंनाच गाठलं. ते मला त्यांनीच सांगितलं, बिचारे हळहळत होते. तिने विचारलं, माझ्या नावाचं काय टपाल? आणि ते म्हणाले, "नाय गो सुनंदावहिनी, तुमच्या नावाचं कधी काय येतच नाय." ते खोटं बोलत नव्हते.

त्या पिंपातल्या लगद्याच्या मोजून चार मूर्ती झाल्या. त्यातली एक तिच्या भावाकडे रोह्याला जायची होती, आणि तीच घेऊन गेली. एसटीत खिडकीजवळ बसली, मूर्ती मांडीवर, वरून प्लास्टिक, दोन्ही हातांनी धरून. मी स्टँडवर पोचवायला गेलो होतो. गाडी हलल्यावर मला आठवलं की रोह्याला उतरली की समोरच सदाशिवाचा स्टॉल आहे.

मग ते चार दिवस मी कसे काढले विचारू नका. त्याने सांगितलं असेल ना? न सांगेल कसा, त्याला तर आनंदच झाला होता! मी तिच्यासाठी काय काय खोटं जुळवून ठेवलं होतं. ती परत आली. वहिनीने दिलेले पोहे डब्यात ओतले, आई थकल्याचं सांगितलं, आणि कामाला लागली. बाकी काही बोलली नाही. मीही विचारलं नाही — विचारणार काय?

दिवाळीनंतर नव्या हंगामासाठी पिंपात रद्दी भिजवत होतो. ती आतून आली. तिच्या हातात सहा-सात वह्या होत्या, रेघांच्या, पुठ्ठ्याच्या कव्हराच्या. कोपरे वापरून मऊ झालेले.

"ह्या घ्या. लगद्याला होतील," म्हणाली.

जुना पेपर द्यावा तशा आवाजात म्हणाली. मी तिच्या तोंडाकडे बघितलं. आयुष्य डोळे आखण्यात गेलं, पण त्या डोळ्यांत मला काही वाचता आलं नाही. तिला सगळं कळलं होतं म्हणून ती देत होती? की काहीच कळलं नव्हतं, छापत नाहीत म्हणून कंटाळून देत होती? चाळीस वर्षं झाली, मला अजून समजलेलं नाही. मी अजून संशयातच आहे.

मी वह्या घेतल्या. यांना वेष्टनही नव्हतं. एकही पान उघडलं नाही. तिच्यासमोर फाडल्या आणि पाण्यात बुडवल्या. शाई निळी सुटली. ती पाणी निळं होईपर्यंत उभी राहिली, मग आत गेली. त्यानंतर तिच्या बोटाला शाई मी कधी पाहिली नाही.

मी तिला त्या नावाने एकदाही हाक मारली नाही. तिची आई गेली, भाऊ गेला. तिला कुसुम म्हणणारं आता कोणी उरलं नाही. पत्ता तोच आहे. मी त्या कार्डावर लिहिलं होतं ते आता खरं झालं.

सकाळचे अकरा वाजलेत. माझ्या हाताला कंप आहे. सहा वर्षांत कुंचला धरलेला नाही. आज पडवीत टेबल खिडकीशी ओढून, चष्मा लावून, खाली वाकून हे लिहायला बसलो. आत मिक्सर चालू होता. तिने दारातून डोकावून बघितलं असणार — हे वाकून बसलेत, मुलाने एखादी लहान मूर्ती डोळ्यांसाठी दिली असेल.

मिक्सर थांबला. त्याला आता तासाहून अधिक वेळ झाला. खोबरं अर्धंच वाटून झालं असेल. मी खोकेपर्यंत ती बटण दाबणार नाही.